हाताची पोच आणि कमरेचा आधार

शेतीतील बहुतेक कामे हाताने होतात असे आपण म्हणतो. मजुरांचा हिशेबही "किती हात लागतील" असाच मांडला जातो. परंतु दिवसभराचे काम उरकून माणूस घरी परतला म्हणजे तक्रार हाताची फार थोडी असते. दुखते ती कंबर, भरून येते ती पाठ, अवघडते ती मान. खुरपे उजव्या हातात होते, तर मग कमरेस काय झाले, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला म्हणजे शेतकामाच्या पद्धतीत बरेच काही सुधारता येण्यासारखे आहे असे दिसून येते.

नाशिक शहराच्या दक्षिण अंगास असलेले इंदिरानगर ही आज बहुतांशी नोकरदारांची व व्यावसायिकांची वस्ती आहे. तिच्या शेजारची वडाळा, पाथर्डी ही जुनी शेतकरी गावे आता महानगरपालिकेच्या हद्दीत असून ही महानगरपालिका १९८२ साली अस्तित्वात आली. शहर वाढले, तरी निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतील द्राक्षबागा व कांद्याचे वाफे येथून काही फार दूर नाहीत. इमारतीच्या गच्चीवर दोरीवर कपडे वाळत घालणारी गृहिणी, फडताळाच्या वरच्या फळीवरून डबा काढणारा वृद्ध आणि मांडवाखाली दिवसभर हात वर करून घडांची विरळणी करणारी मजूर स्त्री, ही तिन्ही माणसे शरीरशास्त्राच्या दृष्टीने एकच क्रिया करीत असतात. ती म्हणजे हात लांब करून वस्तूपर्यंत पोहोचणे. फरक इतकाच, की गृहिणी ही क्रिया दहा-वीस वेळा करते, तर मजूर स्त्री ती हजारो वेळा करते.

एक सोपा प्रयोग

ग्रामसभेत किंवा शाळेच्या अंगणात पुढील प्रयोग करून दाखवावा. एखाद्या धडधाकट तरुणास भिंतीला टाचा, कुल्ले व पाठ टेकवून उभे करावे. त्याच्या पायांपुढे हातभर अंतरावर खुरपे ठेवावे आणि गुडघे न वाकविता, टाचा भिंतीपासून न सोडता ते उचलावयास सांगावे. तो कितीही बळकट असला तरी त्यास ते साधणार नाही; तो तोंडघशी पडू लागेल. आता त्यास भिंतीपासून दोन पावले पुढे घ्यावे. तेच खुरपे तो सहज उचलील. पाहणाऱ्यांनी या वेळी त्याच्या हाताकडे न पाहता कुल्ल्यांकडे पाहावे. हात व डोके जसजसे पुढे जातात, तसतसे कुल्ले मागे सरकतात. भिंतीने नेमके हेच मागे सरकणे रोखून धरले होते.

हात पुढे गेला की शरीराचा भार पुढे जातो. तो तोलण्यासाठी शरीराचा दुसरा भाग मागे जावा लागतो किंवा पाठीच्या व पायांच्या स्नायूंनी ताण धरावा लागतो. पोच ही एकट्या हाताची कधीच नसते.

यापुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. हात हलल्यावर तोल जातो आणि मग शरीर सावरते, असे कोणासही वाटेल. वस्तुतः क्रम उलट आहे. १९६७ साली रशियातील बेलेंकी, गुरफिंकेल व पाल्त्सेव्ह या संशोधकांनी उभ्या माणसास झटकन हात वर करावयास सांगून स्नायूंतील विद्युत्स्पंदने मोजली. खांद्याचा स्नायू कामास लागण्यापूर्वीच मांडीच्या मागील स्नायू जागा झालेला त्यांना आढळला. हे अंतर सेकंदाच्या काही शतांशांइतके अल्प असते. माणसास त्याची जाणीवही नसते. म्हणजे मेंदू हातास हुकूम सोडण्याआधी पाया आवळून घेतो. पुढे १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात हॉजेस व रिचर्डसन यांनी पोटाच्या अगदी आतील थरातील आडव्या स्नायूचाही अभ्यास केला. हा स्नायू पट्ट्याप्रमाणे कमरेभोवती वेढलेला असतो. निरोगी माणसात तो हाताच्या हालचालीपूर्वी आवळला जात होता. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्यांत त्यास उशीर होत होता. या उशिरामुळे दुखणे येते, की दुखण्यामुळे उशीर होतो, याविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. म्हणून "अमुक एक स्नायू बळकट करा, की कंबर बरी" असा दावा कोणी केला तर तो जपूनच घ्यावा.

आपल्या भाषेने मात्र हे जुन्या काळीच ओळखले होते असे म्हणावयास हरकत नाही. मोठ्या कामास हात घालण्यापूर्वी माणूस आधी कंबर कसतो.

कोपऱ्याचा खांब

हाताची रचना समजून घेतली म्हणजे असे का होते ते उलगडते. पायाचे हाड कमरेच्या हाडात खोल बसलेले असते. हाताचे तसे नाही. हात खवाट्यास जोडलेला असतो आणि खवाटा हा फासळ्यांच्या पाठीवर स्नायूंच्या आधाराने जवळजवळ तरंगत असतो. हाडास हाड अशी त्याची धडाशी गाठ केवळ गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाच्या द्वारे पडते. बाकी सर्व काम स्नायूंच्या दोऱ्यांचे आहे. त्यांतील एक दोरी तर मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत जाते आणि दुसरी, पाठीचा रुंद स्नायू, थेट कमरेच्या हाडापासून निघून दंडाच्या हाडास मिळते. कंबर आणि दंड यांमध्ये असा एकच अखंड स्नायू आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

द्राक्षबागायतदारास याचा दृष्टांत शोधण्यासाठी दूर जावयास नको. मांडवाच्या तारा ताणलेल्या राहतात त्या कोपऱ्याच्या खांबांच्या जोरावर, आणि तो खांब उभा राहतो तो बाहेरून जमिनीत पुरलेल्या ताणाच्या तारेवर. ताण सैल पडला तर खांब आत झुकतो. मग वरच्या तारा कितीही चांगल्या प्रतीच्या असोत, मांडव लोंबकळतो. हात हा मांडवाच्या तारेसारखा आहे, धड हा कोपऱ्याचा खांब आणि पाठीचे, पोटाचे व कुल्ल्यांचे स्नायू हे त्याचे ताण. खांदा दुखतो म्हणून केवळ खांद्यास तेल चोळणे हे खांब झुकला असता तारेस पीळ देण्यासारखे होय.

हात जवळच्या वस्तूकडे जातो तेव्हा धड स्थिर राहून आधार देते. वस्तू दूर असली तर मात्र धड स्वतःच पुढे येते, आणि तेही हात पूर्ण ताणला जाण्यापूर्वीच. एवढे असून हाताची बोटे ठरल्या वाटेनेच वस्तूकडे जातात. धड जितके पुढे येते तितके खांदा व कोपर आपली हालचाल आपोआप कमी करतात. ही जुळणी माणूस बालपणी शिकतो. मूल स्वतःच्या बळावर बसू लागेपर्यंत त्याचा हात खुळखुळ्याकडे नीट जात नाही. परंतु त्याच्या कमरेस दोन्ही बाजूंनी आधार दिला तर तोच हात अधिक नेमका जातो. आईला हे शिकविण्याची गरज नसते.

भार किती पडतो

येथे थोडा तरफेचा हिशेब करणे आवश्यक आहे. आकडे ढोबळ आहेत, परंतु त्यांवरून कल्पना येते.

साठ किलो वजनाचा माणूस घ्या. त्याच्या कमरेवरील शरीराचे वजन सुमारे तीस किलो भरेल. तो गुडघे ताठ ठेवून जमिनीस समांतर वाकला तर हे वजन कमरेच्या सांध्यापासून सुमारे तीस सेंटिमीटर पुढे येते. पाठीचे जे स्नायू त्यास मागे धरून ठेवतात ते मणक्याच्या मध्यापासून सुमारे सहा सेंटिमीटरवरच असतात. तीस गुणिले तीस म्हणजे नऊशे. त्यास सहाने भागले असता दीडशे येतात. म्हणजे हातात काडीही नसताना पाठीच्या स्नायूंना दीडशे किलोचा ताण धरावा लागतो.

आता याच स्थितीत दोन्ही हात खाली सरळ लोंबत असतील तर ठीक. ते पुढे पूर्ण ताणले, तर दोन्ही हातांचे मिळून सहा किलो वजन आणखी तीस सेंटिमीटर पुढे जाते आणि पाठीवरील ताण सुमारे तीस किलोंनी वाढतो. द्राक्षांचे वीस किलोचे क्रेट कमरेच्या सांध्यापासून वीस सेंटिमीटरवर धरले तर पाठीवर सुमारे सदुसष्ट किलोंचा जादा ताण येतो. तेच पन्नास सेंटिमीटरवर धरले तर एकशे सदुसष्ट किलोंचा. क्रेट तेच, माणूस तोच, अंतर बदलले.

जर्मनीत १९९९ साली एका निरोगी माणसाच्या कमरेच्या दोन मणक्यांमधील चकतीत सूक्ष्म दाबमापक बसवून प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. उताणे निजला असता दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो होता, उभा असता पाच. वीस किलोंचे ओझे पाठ वाकवून उचलताना तो तेवीसपर्यंत गेला. तेच ओझे गुडघे वाकवून, अंगालगत घेऊन उचलताना सतरापर्यंत. सतरा म्हणजे काही थोडा दाब नव्हे. तेव्हा गुडघे वाकवून उचलले म्हणजे कितीही ओझे उचलावे, असा याचा अर्थ कोणी करू नये. क्रेट निम्मेच भरणे हा याहून खात्रीचा उपाय आहे.

कांद्याची लागवड

रब्बी कांद्याची रोपे पंधरा बाय दहा सेंटिमीटर अंतरावर लावावीत अशी शिफारस आहे. या हिशेबाने एका एकरात सुमारे दोन लाख सत्तर हजार रोपे बसतात. वरंबे, पाट यांची जागा वगळली तरी दोन लाखांहून कमी नव्हेत. हे प्रत्येक रोप म्हणजे हाताची एक पोच होय. वीस स्त्रियांनी तो एकर लावला तर प्रत्येकीच्या वाट्यास दहा हजार वेळा हात पुढे नेणे येते, आणि तेही वाफ्यात कमरेतून वाकलेल्या स्थितीत.

या स्थितीत शरीरात एक विचित्र गोष्ट घडते. माणूस थोडा वाकला असता पाठीचे स्नायू जोराने काम करतात. परंतु तो पूर्ण वाकला की हे स्नायू जवळजवळ स्वस्थ होतात आणि धडाचा भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर व चकत्यांवर जातो. फ्लॉइड व सिल्व्हर या संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात हे दाखवून दिले. कामकरी स्त्रीस यामुळे पूर्ण वाकणे सोपे वाटते. अर्धवट वाकून काम करणे जड जाते. "वाकले की वाकले, मध्येच उठले की कळ येते" असे स्त्रिया सांगतात त्याचे कारण हेच. परंतु ही सोय उसनवारीची आहे. अस्थिबंध हे सावकाश ताणले जाणाऱ्या चामड्याच्या वादीसारखे असतात. कॅनडात १९९२ साली झालेल्या एका प्रयोगात वीस मिनिटे पूर्ण वाकून बसलेल्यांच्या पाठीची लवचीकता तपासली असता, पहिल्या दोन मिनिटांत ताणाचा सुमारे निम्मा भाग भरून आला. उरलेला अर्ध्या तासानंतरही पुरता भरून आला नव्हता. या काळात सैल झालेली पाठ झटक्यास नीट तोंड देऊ शकत नाही.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली अशी, की वाफ्याच्या शेवटास पोहोचल्यावर एकदम रोपांची जड पाटी किंवा पाण्याची घागर उचलू नये. आधी उभे राहावे, हात कमरेवर ठेवून हलकेच मागे झुकावे, दहा-वीस पावले चालावे आणि मग ओझ्यास हात घालावा. दोन मिनिटांची ही उसंत म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे मुकादमास व मालकास समजावून सांगणे आवश्यक आहे. मजुरास ते बहुधा ठाऊकच असते, मात्र बोलण्याची सोय नसते. दुसरी गोष्ट अशी, की एका जागेवरून हात पोहोचेल तितके लावून घ्यावे हा मोह टाळावा. वाफा रुंद असला की मधल्या ओळींसाठी हात व धड दोन्ही ताणावी लागतात. वाफ्याची रुंदी ठरवितानाच दोन्ही बाजूंच्या पाटांतून मध्यापर्यंत हात सहज पोहोचेल अशी ठेवावी. रुंदी ठरविणारा पुरुष उंच आणि लावणारी स्त्री ठेंगणी असते, हे येथे विसरले जाते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे एकशे बावन्न सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट आहे.

खुरपणी बसून होते. तीत कंबरेपेक्षा गुडघ्यांवर भार अधिक. तेथेही खुरपे शरीराच्या जवळ चालवून पुढे सरकत राहणे श्रेयस्कर. लांबचे तण ओढण्यासाठी एका बाजूस कलंडू नये. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळप्यासारखे उभ्याने चालवावयाचे अवजार वापरले म्हणजे वाकण्याचा प्रश्नच बराचसा सुटतो. मात्र त्याची मूठ कोपराच्या उंचीच्या आसपास असावी. पुरुषाच्या मापाचे कोळपे स्त्रीच्या हाती दिले तर खांदे वर उचलले जातात आणि नव्या अवजाराबद्दल नाहक कुरकुर सुरू होते. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरातील शेतकामगार स्त्रीपुरुषांच्या शरीरमापांचा व बळाचा संग्रह २००९ साली प्रसिद्ध केला आहे तो अशाच कारणासाठी.

मांडवाखालील काम

नाशिक जिल्ह्यात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. या दोहोंखेरीज डोळ्यांना पेस्ट लावणे, फुटी काढणे, घड बुडविणे, मण्यांची विरळणी, कागद लावणे ही सर्व कामे हात वर करूनच करावी लागतात. मांडव साधारण सहा-सात फुटांवर असतो. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून हंगामासाठी येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या हे काम करतात आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते.

वर केलेला हात हलका वाटतो, पण तसे नाही. एका हाताचे वजन सुमारे तीन किलो. तो आडवा पसरला असता त्याचा भार खांद्यापासून सुमारे तीस सेंटिमीटरवर पडतो आणि तो तोलणारा स्नायू खांद्याच्या मध्यापासून तीनेक सेंटिमीटरवर असतो. म्हणजे केवळ हात पसरून धरण्यास खांद्यास तीस किलोंचा ताण लागतो. पाव किलोची छाटणी कात्री बोटांत घेतली की तो पस्तीस होतो. स्नायू असा सतत आवळलेला राहिला तर त्यातून रक्त नीट फिरत नाही. त्यातच हात हृदयाच्या वर. हात जड होणे, मुंग्या येणे, बोटांतील नेमकेपणा जाणे हे त्याचे परिणाम होत. विरळणीत कात्रीचे टोक मण्यास लागू लागले तर मजुराचा निष्काळजीपणा म्हणून रागावण्यापूर्वी खांदा थकला आहे काय, हे पाहावे.

परंतु मूळ मुद्दा धडाचा आहे. पुढील प्रयोग कोणासही करता येईल. पाठीस पोक काढून बसावे आणि हात बाजूने वर न्यावा. तो कोठपर्यंत जातो ते पाहून ठेवावे. मग पाठ सरळ करून पुन्हा न्यावा. अमेरिकेत १९९९ साली झालेल्या मोजणीत पोक काढलेल्या स्थितीत हात वीस अंशांहून अधिक कमी वर गेला आणि खांद्याची शक्तीही घटली. कारण असे, की हात वर जाताना खवाटाही फासळ्यांवरून फिरावा लागतो. हात तीन हिस्से वर गेला तर त्यातील एक हिस्सा खवाट्याच्या फिरण्याचा असतो. पोकामुळे खवाट्याची वाट अडते. मग उरलेली उंची गाठण्यासाठी माणूस कंबर मागे मोडतो, पोट पुढे काढतो आणि टाचा उचलतो. संध्याकाळी कंबर दुखते ती यामुळे. आदल्या महिनाभर वाकून कांदा लावलेली पाठच आता मांडवाखाली सरळ व्हावयाची असते, हेही ध्यानात घ्यावे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. ठेंगण्या मजुरास उभे राहण्यासाठी सहा ते नऊ इंच उंचीची रुंद, न डगमगणारी लाकडी घडवंची द्यावी. उपडे क्रेट हे तिचे काम करीत नाही. ते ओल्या जमिनीत एका बाजूने खचते. घड चेहऱ्यासमोर येईल आणि कोपर खांद्याखाली राहील एवढी उंची पुरे. घड मस्तकाच्या मागे असता मान उलटी टाकून तो हाताळू नये. एक पाऊल मागे यावे. हात बदलीत राहावे. एक तास वर हात करण्याचे काम झाल्यावर पाऊण-एक तास खाली पडलेल्या काड्या गोळा करणे, घागरी-डबे भरणे यांसारखे दुसरे काम त्याच टोळीत फिरवून द्यावे. टोळी उक्त्या कामावर असेल तर ही अदलाबदल आपोआप होत नाही, ती ठरवून घ्यावी लागते. नवीन बाग उभारणाऱ्याने वाय आकाराच्या आधाराचा विचार करताना उत्पन्न, फवारणी व खर्च यांबरोबर हाही मुद्दा जमेस धरावा, की त्या पद्धतीत घड बहुधा छातीपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर येतात. मांडवच करावयाचा असेल, तर तारा ताणण्यापूर्वी नेहमीच्या मजूर स्त्रियांपैकी दोघी-तिघींना खांबाजवळ उभे करून मगच उंची पक्की करावी.

वळणे, शिडी व पंप

पाय एकीकडे आणि हात दुसरीकडे, अशी पोच कमरेस सर्वांत महाग पडते. ओझे उचलून बाजूच्या ट्रॉलीत टाकताना धड पिळू नये. पाय उचलून वळावे. शिडीवर चढून काम करताना बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या आत राहिली पाहिजे. ती बाहेर गेली, की हात आणखी वीतभर पोहोचण्याच्या नादात शिडीसकट माणूस खाली येतो. आंबा काढण्यासाठी दापोली येथील कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे. तो हाताची पोच बांबूइतकी लांब करतो आणि झाडावर चढणे पुष्कळसे वाचवितो. मात्र बांबू आडवा धरून दूरच्या फांदीकडे नेला तर टोकाचे थोडे वजनही तरफेच्या नियमाने कमरेवर मोठे होऊन बसते. फळाच्या शक्य तितके खाली उभे राहून तो उभा चालवावा.

पाठीवरचा फवारणी पंप सोळा लिटरचा असला तर पाणीच सोळा किलो झाले. त्याचे पट्टे सैल सोडले की टाकी पाठीपासून दूर लोंबते आणि माणूस तोल धरण्यासाठी पुढे वाकतो. मग दांडा मारणारा हात अवघडून चालतो. पट्टे आवळून टाकी पाठीस लागून बसवावी. पंप जमिनीवरून पाठीवर घेण्याऐवजी बांधावर किंवा ओट्यावर ठेवून भरावा व तेथूनच चढवावा.

कंबरेस बांधावयाचे रुंद पट्टे बाजारात मिळतात. निरोगी माणसास ते इजेपासून वाचवितात असा पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९४ साली काढला. डॉक्टरांनी सांगितल्यास ते अवश्य वापरावेत. एरवी त्या पैशात चांगली घडवंची होते. व्यायामाविषयी असेच म्हणता येईल, की कोणता एक व्यायाम सर्वांहून सरस, हे सिद्ध झालेले नाही. चालणे, सूर्यनमस्कार, उताणे निजून कुल्ले उचलणे यांपैकी जे नियमितपणे होईल ते चांगले.

वृद्ध व पक्षाघाताचे रुग्ण

गावात वृद्ध माणसाच्या तोलाची पाहणी करण्याची एक साधी रीत १९९० पासून रूढ आहे. वृद्धास भिंतीच्या शेजारी, तिला न टेकता, उभे करावे. भिंतीकडील हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे धरावयास सांगून बोटांच्या मुठीपाशी भिंतीवर खडूने खूण करावी. मग पाऊल न उचलता जितके पुढे जाता येईल तितके जावयास सांगून दुसरी खूण करावी. दोन खुणांतील अंतर दहा इंच किंवा अधिक असले तर तोल बरा समजावा. सहा इंचांहून कमी असले तर पडण्याचा धोका पुष्कळच अधिक आहे असे समजून त्याच्या नित्याच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणून ठेवाव्यात. ही पाहणी करताना एक धडधाकट माणूस शेजारी उभा असलाच पाहिजे. इंदिरानगरातील सदनिका असो की पेठ तालुक्यातील पाडा, वरच्या फळीवरील डब्यासाठी स्टुलावर चढलेला वृद्ध सारखाच पडतो.

पक्षाघातानंतर हात अशक्त झालेला रुग्ण पेला घेताना कोपर सरळ न करता छातीच पुढे नेतो, हे अनेकांनी पाहिले असेल. धड हाताचे काम अंगावर घेते. पेला मिळतो, परंतु हात मात्र आळसावतो. अशा रुग्णाचे धड खुर्चीच्या पाठीस टेकलेले ठेवून सराव करविल्यास काहींच्या कोपराची हालचाल सुधारते असे आढळले आहे. हा सराव भौतिकोपचार तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावा. घरच्यांनी मनाने रुग्णास बांधून ठेवू नये. आशा कार्यकर्तीने अशा घरी गेल्यावर पेला रुग्णाच्या अशक्त हाताच्या बाजूस, हातभर अंतराच्या आत ठेवला आहे काय, एवढे जरी पाहिले तरी उपयोग होतो.

काम थांबविल्यावर चार-सहा दिवसांत उतरणारी कंबरदुखी बहुधा साधी असते आणि तीत अंथरुणास खिळून राहण्यापेक्षा हिंडते-फिरते राहणेच हितावह ठरते. परंतु दुखणे पायात उतरून पाऊल लुळे पडू लागले, बैठकीच्या जागेची संवेदना गेली, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, अथवा पडल्यानंतर पाठ दुखू लागली, तर चोळणे, शेकणे, कंबर मोडून घेणे यांत एक दिवसही न दवडता रुग्णास सपाट निजवून तत्काळ रुग्णालयात न्यावे.